राज्यकारभाराची सुधारणा आणि कचेरीचें दार

सातपुड्यांतील एखाद्या पाड्यावरचा बाप मुलाच्या शिष्यवृत्तीसाठीं उत्पन्नाचा दाखला काढावयास तालुक्याच्या गांवीं येतो, तेव्हां त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. कचेरींत ‘उद्यां या’ असें उत्तर मिळालें, म्हणजे दुसऱ्या दिवसाचीही बुडते. सरकारी नोकरवर्ग सुधारला कीं नाहीं, याची खरी कसोटी ह्या बापाच्या खेपा मोजूनच लागेल.

निरनिराळ्या देशांनीं ही सुधारणा प्रथम नेमणुकीपासून आरंभिली. इंग्लंडांत नॉर्थकोट व ट्रेव्हेलियन यांनीं १८५४ सालीं वशिल्याऐवजीं परीक्षेनें माणसें निवडावीं, अशी शिफारस केली. अमेरिकेंत नोकरी न मिळाल्यानें चिडलेल्या एका इसमानें १८८१ सालीं अध्यक्ष गारफील्ड यांस गोळी घातली. तेव्हां लोकांचे डोळे उघडले व १८८३ सालीं परीक्षेचा कायदा झाला. हिंदुस्थानासाठींही १८५५ पासून परीक्षा सुरू झाली, परंतु ती लंडनांत! ती ह्या देशांत देण्याची सोय १९२२ सालीं झाली. दार सर्वांस उघडलें म्हणजे काय होतें, हें आपल्या जिल्ह्यानें पाहिलें आहे. साक्री तालुक्यांतील भिल्ल कुटुंबांत जन्मलेले डॉ. राजेंद्र भारूड हे परीक्षा उत्तीर्ण होऊन पुढें नंदुरबारचे जिल्हाधिकारी झाले.

परंतु माणूस चांगला निवडला, एवढ्यानें काम वेळेवर होतेंच असें नाहीं. म्हणून सुधारणेचें दुसरें पाऊल मुदतीचें होय. इंग्लंडनें १९९१ सालीं नागरिकांची सनद काढून सेवेचें वचन दिलें. वचन मोडल्यास विचारणार कोण? मध्यप्रदेशानें २०१० सालीं त्या वचनाचा कायदा केला; महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क कायदा २०१५ सालीं आला. त्यान्वये कोणती सेवा किती दिवसांत, किती शुल्कांत व कोणत्या अधिकाऱ्याकडून मिळेल, हें कचेरीच्या फलकावर लिहावें लागतें. अर्ज नाकारल्यास कारण लेखी द्यावें लागतें. मुदत टळली तर तीस दिवसांत वरिष्ठाकडे अपील करतां येतें, आणि सबळ कारणावांचून विलंब करणाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंड होऊं शकतो.

मात्र फलक वाचणारा कोणी नसेल, तर तो नुसता रंगविलेला पत्रा होय. विद्यार्थिमित्रहो, ज्यांच्या आईबापांस अक्षरओळख नाहीं, त्यांनीं एक काम अंगावर घ्यावें. त्यांच्याबरोबर कचेरींत जावें, फलक वाचून दाखवावा, अर्जाची पोच घ्यावी आणि तीवरील तारीख नीट पाहावी. तेथें गयावया करण्याचें कारण नाहीं. नम्रपणें पण निर्भयपणें आपला हक्क मागावा. आणि उद्यां तुमच्यांतील कोणी त्याच मेजापलीकडच्या खुर्चीवर बसलाच, तर ‘उद्यां या’ म्हणण्यापूर्वीं त्यानें समोरच्या माणसाची बुडालेली मजुरी आठवावी.