पानं बेतणारी माशी

मागच्या वर्षी आमच्या चिंचवडच्या गॅलरीतल्या गुलाबाची पानं कुणीतरी कातरू लागलं. कडेला अगदी गोल काप. बांगडी ठेवून आखावेत तसे. बेगम म्हणाल्या, ‘‘कीड पडलीय, काहीतरी करा.’’ मी औषध आणून फवारलं. पंधरा दिवसांनी सरकत्या खिडकीची चौकट पुसताना एका भोकातून विडीसारखी पानांची गुंडाळी निघाली. उलगडली तर आत पिवळा, ओलसर गोळा आणि त्यावर पांढरी अळी. ती हलत नव्हती.

मग मी वाचायला बसलो. हा उद्योग मेगाकायली नावाच्या प्रजातीतल्या मधमाशीचा. जगभर तिच्या सुमारे १,५०० जाती आहेत. ती पान खात नाही, घराला वापरते. मराठीत सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव काही मला सापडलं नाही. मी आपलं ‘पानकातरी’ म्हणतो.

माझे अब्बा शिंपी होते. खडूनं आखल्याशिवाय त्यांनी कापडाला कधी कात्री लावली नाही. पानकातरी न आखताच बेतते. पानाच्या कडेवर बसते, जबडा चालवत स्वतःभोवती वळते आणि काही सेकंदांत तुकडा पायांत धरून उडते. भिंतींसाठी लांबट तुकडे, झाकणासाठी गोल. गुलाब, कांचन, तूर, कशाचंही मऊ पान तिला चालतं. पोकळ काडी, वाळक्या लाकडातलं भुंगेऱ्याचं भोक किंवा भिंतीतली फट मिळाली, की तिथं ती एकामागं एक खोल्या रचते. प्रत्येक खोलीत पराग आणि मधुरसाचा गोळा, त्यावर एकच अंडं, वर झाकण. ना राणी, ना कामकरी. सारा संसार एकट्या बाईचा!

अंडं फळवायचं की नाही, हेही तीच ठरवते. फळलेल्यातून मुलगी, न फळलेल्यातून मुलगा. मुली आतल्या खोल्यांत, मुलगे दाराशी. मुलगे आधी बाहेर पडतात.

पोळ्यातली माशी पराग मागच्या पायांवर आणते, पानकातरी पोटाखालच्या केसांवर. तुरीच्या फुलावर ती बसली, की तिच्या भारानं खालच्या पाकळ्या दबतात आणि पराग या फुलाचा त्या फुलाला लागतो. चार पानं नेते, ती अशी फेडते. अमेरिका-कॅनडात लसूणघासाच्या बियाण्यासाठी हिची एक बहीण, मेगाकायली रोटुंडाटा, शेतकरी मुद्दाम पाळतात. आपल्याकडच्या कित्येक जातींची ओळख मात्र टाचणीला टोचलेल्या नमुन्यापुरतीच. बिंगहॅमचा भारतातल्या गांधीलमाश्या आणि मधमाश्यांवरचा ग्रंथ १८९७ चा. तो अजूनही उघडावा लागतो. काही जातींची मादी ठाऊक आहे, तर नर नाही. आकुर्डीत भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, म्हणजे आमच्या घरापासून रिक्षानं जाण्याएवढ्या अंतरावर. पण कपाटातली माशी घर कुठं बांधते, हे कुणीतरी गॅलरीत बसूनच पाहायला हवं.

आणि घराला जागा तरी कुठं उरलीय? पिंपरीपासून चाकणपर्यंत वाळकं झाड दिसलं की तोडायचं, मोकळी जमीन दिसली की फरशी घालायची, ही आपली स्वच्छता.

यंदा मी पेन्सिलीएवढ्या भोकाच्या, एका टोकाला बंद अशा बांबूच्या कांड्या जुडी करून छपराखाली, सकाळच्या उन्हात बांधल्या. औषध बंद. दोन महिने काहीच झालं नाही. मग एका दुपारी बेगमनी हाक मारली. एका कांडीचं तोंड हिरव्या चकतीनं बंद झालं होतं.

गुलाबाला यंदा अकरा काप आहेत. बेगमनीच मोजलेत.