भाव थंडीत, मालक फडावर

बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यातला अंड्यांचा व्यवहार समजून घ्यायचा, तर आधी वर्षाचं गणित पाहावं लागतं. श्रावणात अंड्यांची मागणी बसते, नवरात्रात पुन्हा मंदावते आणि दिवाळीनंतर थंडी पडली की भाव चढू लागतात. नेमक्या त्याच सुमाराला सिंदफणेकाठच्या या दुष्काळी तालुक्यातल्या वाड्या-वस्त्या रिकाम्या होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला निघतात, ती परततात मार्च-एप्रिलमध्ये. काही कोंबड्या डालग्यात बसून फडावर जातात, काही म्हाताऱ्या माणसांच्या भरवशावर मागे राहतात, उरलेल्या निघण्याआधीच विकल्या जातात. गिऱ्हाईक दारात येतं तेव्हा विकणारा गावात नसतो.

मागणी तर राज्यभर आहे. जानेवारी 2023 मध्ये राज्याच्या पशुसंवर्धन विभागाने सांगितलेल्या हिशेबानुसार महाराष्ट्राला रोज सव्वादोन कोटींहून अधिक अंडी लागतात आणि राज्यात तयार होतात एक ते सव्वा कोटी. बाकीची तेलंगण, कर्नाटक आणि तमिळनाडूतून येतात. त्या हिवाळ्यात औरंगाबादेत (आजच्या छत्रपती संभाजीनगरात) शंभर अंड्यांचा भाव 575 रुपयांवर गेला होता. मका आणि सोयाबीन ही कोंबडीखाद्याची दोन मुख्य पिकं मराठवाड्यात होतात, तरी इथल्या टपरीवरच्या भुर्जीतलं अंडं शेजारच्या राज्यातून ट्रकने आलेलं असू शकतं, हे जरा नवलाचंच.

हा शेकड्याचा भाव ठरतो कसा? 1982 पर्यंत तो व्यापाऱ्यांच्या हातात होता आणि उत्पादन खर्चही न निघण्याची वेळ शेतकऱ्यांवर वारंवार येई. पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीजचे संस्थापक बी. व्ही. राव यांनी गावोगावच्या पोल्ट्रीवाल्यांना एकत्र आणलं आणि त्या वर्षी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. तेव्हापासून समिती केंद्रनिहाय भाव जाहीर करते. शिरूरच्या दुकानदाराने ट्रे घेण्याआधी त्या दिवसाचा भाव पाहिला, तर घाऊक विक्रेता किती चढवतोय हे लगेच कळतं. ट्रेमध्ये तीस अंडी असतात आणि सात ट्रेची एक पेटी होते.

गावरान अंड्याला मात्र असा कोणताही भाव लागू नाही. ते नगावर विकलं जातं आणि किंमत ठरते ती गिऱ्हाइकाच्या विश्वासावर. गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, मध्येच खुडूक होते आणि बसून राहते. पिंजऱ्यातली लेअर कोंबडी रोज साधारण 110 ग्रॅम खाद्य खाऊन वर्षाला तीनशेच्या घरात जाते. दोघींच्या अंड्यांच्या किमतीत फरक राहणारच. वनराज, गिरिराज, कावेरी यांसारख्या सुधारित जाती या दोन टोकांच्या मधल्या. परसात फिरून खातात आणि शंभराच्या पुढे अंडी देतात.

महाग विकलं जातं तिथे फसवणूकही शिरते. लेअरची पांढरी अंडी चहाच्या पाण्यात किंवा रंगात बुडवून गावरान म्हणून खपवण्याचे प्रकार राज्यात होतात. ओल्या फडक्याने चोळल्यावर रंग सुटला, तर अंडं परत करावं. पण टरफल तपकिरी आहे म्हणून अंडं गावरान, असंही नाही. तपकिरी अंडी देणाऱ्या लेअर जातीही आहेत. गर्द पिवळा बलक हीसुद्धा पक्की खूण नव्हे. मका, हिरवा पाला किंवा खाद्यात मिसळलेला झेंडूचा अर्क, यांतल्या कशानेही बलक गर्द होतो.

खरा प्रश्न ताजेपणाचा आहे. अंड्याच्या टरफलाला हजारो बारीक छिद्रं असतात. दिवस जातील तसं त्यांतून पाणी उडून जातं आणि बोथट टोकाकडची हवेची पोकळी वाढत जाते. म्हणून ताजं अंडं पाण्यात तळाशी आडवं पडतं, जुनं उभं राहतं आणि फार जुनं तरंगतं. अंधारात अंड्याच्या बोथट टोकाला टॉर्च लावला, तर पोकळी आणि टरफलाची बारीक चीरही दिसते. फोडल्यावर बलक उंच आणि पांढरा भाग घट्ट असेल, तर माल चांगला. आकारासाठी अ‍ॅगमार्कची प्रतवारी आहे: 53 ते 59 ग्रॅम मोठं, 45 ते 52 मध्यम, 38 ते 44 लहान. गावरान अंडं बहुधा लहानातच बसतं, त्यात कमीपणा काही नाही.

एप्रिल-मेमध्ये एक वेगळीच अडचण येते, तिची चर्चा फारशी होत नाही. लेअरच्या शेडमध्ये कोंबडा नसतो, त्यामुळे तिथली अंडी अफलित असतात. परसातल्या कळपात कोंबडा असतोच. फलित अंडं साधारण 27 अंशांच्या वर राहिलं, की आत पिल्लाची वाढ सुरू होऊ लागते. बीड जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या घरात चार-पाच दिवस साठवून बाजाराला नेलेल्या अंड्यांत रक्ताचे धागे दिसले, तर गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. विक्रीपुरती अंडी हवी असतील, तर कोंबडा वेगळा ठेवावा. कोंबडी त्याच्याशिवायही अंडी देतेच. रोजची अंडी रोज उचलावीत, सावलीत निमुळतं टोक खाली करून ठेवावीत आणि धुवू नयेत, कारण धुतल्यावर टरफलावरचा संरक्षक थर जातो. उन्हात कोंबड्या धापा टाकतात, तेव्हा टरफलही पातळ होतं. खाद्य पहाटे द्यावं, शिंपल्याची भुकटी द्यावी.

विकणारा शोधायचा कुठे? आठवडी बाजारात अंड्यांची टोपली दिसते, पण कायमचा पुरवठा हवा असेल तर ‘उमेद’च्या (राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) महिला बचत गटांकडे आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावं. लसीकरणामुळे कोणाकडे किती पक्षी आहेत हे दवाखान्यात माहीत असतं. नव्याने सुरुवात करणाऱ्याला गेवराई तालुक्यातल्या खामगावचं कृषी विज्ञान केंद्र जवळचं आहे. छत्रपती संभाजीनगरात सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे.

लसीची आणि स्वच्छतेची चौकशी गिऱ्हाइकानेही करावी. जानेवारी 2021 मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावी बर्ड फ्लूने सुमारे आठशे कोंबड्या मेल्या, त्या एका बचत गटाच्या शेडमधल्या होत्या. त्या काळात चांगलं शिजवलेलं अंडं खायला हरकत नव्हती, तरी गिऱ्हाईक आटलं.

खात्रीचं गिऱ्हाईक गावातच मिळेल अशी आशा नोव्हेंबर 2023 मध्ये निर्माण झाली होती. शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं देण्याचा निर्णय झाला, अंड्यामागे पाच रुपये धरले होते. थंडीत भाव त्याच्या वर गेला की मुख्याध्यापकांची ओढाताण होई. जानेवारी 2025 मध्ये सरकारने अंड्यांसाठीचा स्वतंत्र निधीच थांबवला. आता रतीब उरतो तो हॉटेलवाल्यांचा, खाणावळींचा आणि नोकरदार घरांचा. गावात राहिलेल्या एखाद्या आजीकडे चार-पाच घरांच्या कोंबड्या हंगामापुरत्या सोपवून अंडी वाटून घ्यायची ठरवली, तर हाच रतीब ऊसतोडीच्या दिवसांतही चालू ठेवता येईल. त्यासाठी दाणा कोण देणार आणि कोंबडी मेली तर तोटा कोणाचा, हे दसऱ्याआधीच बोलून घ्यावं लागेल.