तो सैन्यात जातो म्हणतो, ती नको म्हणते

आपला नातू किंवा धाकटा मुलगा एखाद्या संध्याकाळी सांगतो की, त्याला सैन्यात जायचे आहे. आपल्या मनात अभिमान आणि धास्ती एकाच वेळी उभी राहते. आपण काही बोलण्यापूर्वीच, जिच्याशी त्याचे लग्न ठरले आहे ती मुलगी खाली मानेने म्हणते, “नको ना.” या दोन शब्दांचे पुढे काय होते? बहुतेक घरांत ते हसण्यावारी नेले जातात, नाहीतर ‘देशापेक्षा तू मोठी का?’ या एका प्रश्नाने मिटवले जातात. आज त्या दोन शब्दांविषयीच बोलायचे आहे. कारण त्यांत आपल्या म्हातारपणाचा हिशेब दडलेला असतो, आणि तो बहुधा आपल्याच ध्यानात आलेला नसतो.

रायगड जिल्ह्यापुरते पाहू. दक्षिणेस महाड तालुक्यात फौजी आंबवडे हे गाव आहे. फौज हा शब्द गावाच्या नावातच शिरलेला. पिढ्यान्‌पिढ्या तेथील घरांतून पुरुष सैन्यात जात आले. अशा गावात जोडीदाराच्या काळजीला निदान सोबत असते. सासूने तेच सोसलेले असते, शेजारीण ते सोसत असते. रजा, बदली, पेन्शन यांची भाषा मुलांनाही येते. शेजारच्या पोलादपूर तालुक्यातील उमरठ येथे तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. १६७० साली कोंढाण्याच्या मोहिमेसाठी त्यांनी मुलाचे, रायबाचे, लग्न मागे ठेवले ही आख्यायिका आपण नातवंडांना सांगत आलो. त्यांचे उत्तर सर्वांना पाठ आहे. लग्नघरातील बायामाणसे त्या दिवशी काय बोलली असतील, हे विचारण्याचे मात्र आपल्याला सुचत नाही.

आता त्याच जिल्ह्याच्या उत्तरेकडील कर्जत-खालापूरच्या डोंगरात या. ठाकुरवाडी हे येथे एकाच वस्तीचे नाव नाही. डोंगरउतारावरील ठाकूर समाजाच्या कितीतरी वस्त्या याच नावाने ओळखल्या जातात. कर्जतहून खंडाळ्याकडे घाट चढताना रेल्वेचे ठाकुरवाडी नावाचे एक तांत्रिक थांब्याचे ठिकाणही लागते. पावसाळ्यात भात, उतारावर नाचणी-वरी, उन्हाळ्यात करवंदे-जांभळे घेऊन नेरळ-कर्जतचा बाजार, असे येथील वर्षाचे चक्र. फौजी आंबवड्यासारखी सैनिकी परंपरा या वाड्यांना नाही. त्यामुळे अशा वाडीतला मुलगा पहाटे डांबरी रस्त्यावर धावण्याचा सराव करू लागला, की घरातल्यांना पुढचे काहीच माहीत नसते, आणि त्याच्या होणाऱ्या बायकोला तर विचारायला कोणी अनुभवी बाईही नसते.

या वाड्यांच्या आरोग्याची एक गोष्ट शहरातल्या वाचकांना ठाऊक नसेल. गाडीरस्ता नसलेल्या वस्तीत आजारी माणसास झोळीत घालून खाली आणावे लागते. लांब दांडा, त्याला बांधलेली चादर किंवा घोंगडी, आत गुडघे पोटाशी घेतलेला म्हातारा, आणि दांड्याखाली तरण्या पुरुषांचे खांदे. चिखलात दर थोड्या अंतरावर खांदे बदलावे लागतात. खालच्या रस्त्यावर पोहोचले की मग वाहन, मग कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हाही वर वाहन जाईल असा रस्ता नव्हता. बचावपथकांना भर पावसात डोंगर पायी चढावा लागला. सत्तावीस मृतदेह हाती लागले, सत्तावन्न माणसे बेपत्ता राहिली. अशा मुलखात घरातला धडधाकट मुलगा वर्षातले अकरा महिने दूर जाणे याचा अर्थ फार प्रत्यक्ष आहे. झोळीचा एक खांदा कमी होतो.

म्हणून ती मुलगी ‘नको’ म्हणते तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे सीमेवरची गोळी असते, असे धरून चालू नका. असेलही, पण तिच्यामागे आणखी बरेच काही असते. चैत्र-वैशाखात विहीर आटल्यावर दुरून पाणी कोण आणील? अर्धांगाने अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांना उठवून बसवायला दोन माणसे लागतात, दुसरे कोण? आजेसासूच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या तर बाजाराचा दिवस बुडवून कोणी जायचे, आणि बुडालेल्या दिवसाची कमाई कोण भरून देणार? ही काळजी म्हणजे भित्रेपणा नव्हे. हा कामाचा हिशेब आहे, आणि तो करणारी बहुधा घरात ती एकटीच असते. सैनिक सीमेवर जातो, तेव्हा त्याच्या आईवडिलांची शुश्रूषा त्याच्या पत्नीकडे जाते; तिला कोणी नेमणूकपत्र देत नाही, इतकेच.

हिशेब मांडायचा तर नियम नीट समजून घ्यायला हवेत. येथे अनेक कुटुंबांची गल्लत होते. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेपासून जवानांची भरती अग्निवीर म्हणून, चार वर्षांसाठी होते. सध्याच्या नियमांनुसार उमेदवार अविवाहित असावा लागतो आणि या चार वर्षांत त्याला लग्न करता येत नाही. म्हणजे ठरलेले लग्न चार वर्षे थांबणार. वर्षाला तीस दिवसांची रजा. पहिल्या वर्षी दरमहा तीस हजार रुपये, त्यांपैकी हातात एकवीस हजार. चौथ्या वर्षी चाळीस हजार, हातात अठ्ठावीस हजार. कापलेली रक्कम, तेवढीच सरकारची भर आणि व्याज मिळून शेवटी सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये एकरकमी मिळतात. त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के अग्निवीर नियमित सेवेत घेतले जातात. उरलेल्यांना निवृत्तिवेतन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे माजी सैनिकांसाठी २००३ साली सुरू झालेल्या आरोग्ययोजनेचा, म्हणजे ईसीएचएसचा, लाभही नाही. ‘मुलगा फौजेत गेला, आता म्हातारपणाचे औषधपाणी लष्करी इस्पितळात’ हा समज नियमित सैनिकाच्या बाबतीत काही अटींसह खरा ठरतो. चार वर्षांनी परतणाऱ्या अग्निवीराच्या आईवडिलांनी त्यावर विसंबू नये.

नियमित सैनिकाचे गणित वेगळे. निवृत्तिवेतनासाठी किमान पंधरा वर्षांची सेवा, वर्षाला साठ दिवसांची वार्षिक आणि तीस दिवसांची नैमित्तिक रजा, शांततेच्या ठाण्यावर असताना कुटुंब सोबत नेण्याची शक्यता. म्हणजे जोडीदाराला एकाच नावाखाली दोन निरनिराळे प्रश्न पडतात. चार वर्षांचा प्रश्न असा, की मी तोवर थांबू का, आणि परतल्यावर तो काय करील? पंधरा-वीस वर्षांचा प्रश्न असा, की मी कुठे राहायचे, त्याच्यासोबत की तुमच्यासोबत? या दुसऱ्या प्रश्नात आपण वृद्ध मंडळी थेट पक्षकार आहोत. तिने सोबत जावे असे मनापासून म्हणणारी सासू मी आदर्श मानते. पण त्या सासूनेही आपल्या गुडघ्यांचे काय करायचे, हे आधी ठरवलेले असावे.

मृत्यूची शक्यताही टाळून चालत नाही. बुलढाणा जिल्ह्यातील पिंपळगाव सराई येथील अक्षय गवते हे अग्निवीर ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचेन येथे कर्तव्यावर असताना गेले. अशा प्रसंगी अग्निवीराच्या कुटुंबास ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांचे सानुग्रह अनुदान व अन्य रकमा देण्याची तरतूद आहे. पैशाने माणूस भरून येत नाही, हे सांगायला नकोच. पण पैशावरून मागे उरलेली माणसे एकमेकांना पारखी होतात, हे मात्र सांगायला हवे. नियमित सैनिकाचे कुटुंब निवृत्तिवेतन सर्वसाधारणपणे पत्नीला मिळते; विम्यासारख्या रकमांसाठी नामनिर्देशन करता येते आणि त्यात पत्नी व आईवडील यांचा वाटा टक्क्यांत लिहिता येतो. हा कागद शोकाच्या काळात प्रथमच वाचला गेला, तर सून आणि सासूसासरे यांच्यात भिंत उभी राहते. तो भरतीच्या वेळी, सर्वांसमक्ष, मोठ्याने वाचावा. अपशकुन होईल अशी भीती बाळगू नये. आपण मृत्युपत्र करतोच की!

जोडीदाराच्या मनाचा विचार करताना महाराष्ट्रातील तीन स्त्रिया आठवतात. साताऱ्याजवळील पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्यात वीरगतीस प्राप्त झाले. दोन मुलांची आई असलेल्या त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक सप्टेंबर २०१७ मध्ये लेफ्टनंट झाल्या. विरारच्या गौरी महाडिक यांचे पती मेजर प्रसाद महाडिक डिसेंबर २०१७ मध्ये अरुणाचल प्रदेशात आगीच्या दुर्घटनेत गेले; गौरी २०२० साली लष्करात अधिकारी म्हणून रुजू झाल्या. मीरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे ऑगस्ट २०१८ मध्ये गुरेझमध्ये धारातीर्थी पडले. मागे लहानगा मुलगा. कनिका राणे २०२१ साली अधिकारी झाल्या. या कथा आपण धैर्यकथा म्हणून वाचतो, आणि त्या तशा आहेतच. पण चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीतील प्रशिक्षण ४९ आठवड्यांचे असते. लहान मुलाची आई इतके दिवस दूर राहू शकते, ती घरात कोणीतरी त्या मुलाचे जेवण, शाळा आणि रात्रीचा ताप सांभाळत असेल तेव्हाच. आपल्या पिढीकडे पाहून ही गोष्ट मुद्दाम नोंदवते. शिवाय या तिघींनी किंमत पूर्ण जाणून घेऊन स्वतः होकार दिला. त्यांचे उदाहरण वाडीतल्या एकोणीस वर्षांच्या मुलीच्या तोंडावर फेकून तिला गप्प करणे, हा त्यांचाही अपमानच आहे.

मग आपण वडीलधाऱ्यांनी करायचे काय? निकाल देऊ नका. निर्णय त्या दोघांचा आहे, आणि लग्न ठरले असले तरी तिला नकाराची मोकळीक आहे, हे तिला एकांतात, शक्यतो आजीने, सांगावे. चारचौघांत विचारलेल्या प्रश्नाला मुली ‘तुम्ही म्हणाल तसे’ असेच उत्तर देतात. त्यानंतर आपल्या वाट्याचा भार आपणच कमी करावा. सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येते. त्यावर वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयातील उपचार मोफत होतात. पासष्ट ओलांडलेल्या निराधार वृद्धांसाठी श्रावणबाळ योजनेचे दरमहा दीड हजार रुपये आहेत. कागदपत्रांची ही धावपळ मुलगा गेल्यावर सुनेच्या गळ्यात पडते. ती तो घरी असतानाच, त्याच्याकडूनच करून घ्यावी. नियमित औषधे, त्यांच्या वेळा, डॉक्टरांचा आणि आशाताईंचा फोन नंबर, झोळीसाठी हाक मारता येईल अशा चार घरांची नावे, हे सारे एका वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे. नियमित सैनिकांच्या कुटुंबांसाठी अलिबागला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. तेथे सुनेने एकदा स्वतः जाऊन यावे, म्हणजे अडचणीच्या वेळी दार अनोळखी राहत नाही.

आणखी एक सवय मोडायला हवी. घरात कोणी आजारी पडले, तर ‘त्याला तिकडे कळवू नका, जीव थाऱ्यावर राहणार नाही’ असे आपण म्हणतो. हेतू मायेचा असतो. पण त्याचा सगळा भार सुनेच्या जिभेवर येतो. ती रोज फोनवर हसून खोटे बोलते, इकडे रात्र जागते, आणि रजेवर आल्यावर त्याला कळते तेव्हा राग तिच्यावरच निघतो. त्यापेक्षा जाण्यापूर्वीच ठरवावे: साधा ताप, सांधेदुखी कळवायची नाही, रुग्णालयात दाखल करावे लागले, शस्त्रक्रिया ठरली किंवा कोणी पडून हाड मोडले, तर त्याच दिवशी कळवायचे, आणि ते आजोबांनी स्वतः किंवा घरातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्याने कळवायचे. गंभीर आजारपणात जवानाला तातडीची रजा मागता येते. त्यासाठी डॉक्टरांचा दाखला जपून ठेवावा आणि त्याच्या युनिटचा पत्ता व दूरध्वनी त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहावा. वाडीत मोबाइलला रेंज मिळण्याची जागा बहुधा एखाद्या टेकाडावर असते. फोनची वेळ दिवसाउजेडी ठरवून घेतलेली बरी, म्हणजे तिला अंधारात एकटीला तेथे जावे लागत नाही.