वशिंडाचा प्रवास

पनवेल तालुक्यातल्या आमच्या कोन गावाच्या एका अंगाला पुण्याकडे धावणारा रस्ता आहे, दुसऱ्या अंगाला गिरणी कामगारांसाठी बांधलेल्या उंच इमारती आहेत, आणि या दोहोंच्या मधल्या पडीक खाचरांत अजून थोडी गुरे चरताना दिसतात. अंगाने लहान, रंगाला नियम नाही: तांबूस, तपकिरी, काळी, पांढरी, करडी, काही दुरंगी. शहरातून राहायला आलेली मंडळी त्यांना ‘गावठी’ म्हणतात, आणि गावातली जुनी माणसेही तेच म्हणत आली. २०१८ मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने स्वतंत्र जात म्हणून नोंद केल्यावर पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या या गावठी गाईला ‘कोकण कपिला’ असे भारदस्त नाव मिळाले. दूध दिवसाला दोन-अडीच लिटर. बैल हलका, पण गुडघाभर चिखलात जोताला न थकणारा. जगाने हेवा करावा असे यात काही दिसत नाही.

पण तिच्या अंगावर तीन गोष्टी आहेत, आणि त्यांच्यासाठी परक्या मुलखातल्या माणसांनी एके काळी समुद्र ओलांडले. खांद्यावरचे वशिंड, गळ्याखाली लोंबणारी पोळी आणि हाताने चिमटीत धरता येईल अशी सैल कातडी. भारतातल्या बहुतेक सर्व देशी गुरांना ही लक्षणे असतात. युरोपातल्या गाईला ती नसतात. प्राणिशास्त्रात या दोन वंशांना वेगळी नावे आहेत. वशिंडाचा वंश सिंधूच्या खोऱ्याच्या आसपास माणसाळला, आणि मोहेंजोदडोच्या मुद्रेवरचा डौलदार बैल त्याच वंशाचा.

या लक्षणांमागचे शरीरशास्त्र साधे आहे. पोळी आणि सैल कातडी यांमुळे अंगाचा पृष्ठभाग वाढतो, म्हणजे उष्णता बाहेर टाकायला जागा मिळते. कातडीतल्या घामाच्या ग्रंथी मोठ्या आणि दाट असतात. केस आखूड, तुळतुळीत आणि बहुधा फिक्या रंगाचे, खालची कातडी मात्र काळसर. म्हणजे ऊन परतवायचे काम केसांचे आणि कातडी जळू न देण्याचे काम रंगद्रव्याचे. शिवाय हे जनावर मुळातच कमी उष्णता निर्माण करते. कमी खाते, कमी दूध देते, आणि म्हणूनच चैत्राच्या दुपारी होल्स्टीन गाय धापा टाकत असताना शेजारी निवांत रवंथ करत बसते. आणखी एक गुण पटकन डोळ्यांत भरत नाही: गोचिडी तिच्या अंगावर फार काळ टिकत नाहीत. कातडीची प्रतिक्रिया अशी असते की गोचिडीची बहुतेक पिल्ले रक्त पिऊन मोठी होण्याआधीच गळून पडतात. वशिंडाबद्दल मात्र एक गैरसमज आहे. ते उंटाच्या मदारीसारखे चरबीचे कोठार नव्हे. तो मुख्यतः स्नायू आहे. आपण त्याच्यापुढे जू टेकवले आणि आपली शेती त्यावर उभी केली.

अमेरिकेला हा वंश हवासा वाटला त्याचे एक मोठे कारण गोचीड. टेक्सासमधली गुरे उत्तरेकडे हाकत नेली, की वाटेवरच्या गावांतली गुरे तापाने फणफणत, लघवी लाल होई आणि ती मरत. टेक्सासची गुरे मात्र ठणठणीत. या ‘टेक्सास तापा’ने त्या देशात राज्याराज्यांत भांडणे लावली. थिओबाल्ड स्मिथ आणि एफ. एल. किलबोर्न यांनी १८९३ मध्ये सिद्ध केले, की रोगाचा जंतू रक्तपेशींत राहतो आणि गोचीड तो एका जनावरातून दुसऱ्यात नेते. कीटक-गोचिडींसारखे जीव रोग पसरवू शकतात याचा हा फार महत्त्वाचा आरंभीचा पुरावा. रोनाल्ड रॉस यांचे हिवतापाच्या डासावरचे काम त्यानंतरचे. शास्त्र पुढे येण्याआधीच दक्षिणेतल्या पशुपालकांनी अनुभवाने एक गोष्ट हेरली होती, की भारतीय रक्ताच्या गुरांना गोचिडीचा आणि उन्हाचा त्रास फारसा होत नाही.

हे रक्त तिकडे पोचले कसे, याच्या कथा मजेदार आहेत. लुइझियानातला रिचर्ड बॅरो हा कापूस आणि उसाचा बागायतदार. भारतात ही पिके वाढवू पाहणाऱ्या ब्रिटिश सरकारच्या प्रतिनिधीला त्याने लागवडीचे धडे दिले आणि त्याची पावती म्हणून १८५४ मध्ये त्याला भारतातले दोन वळू भेट मिळाले. कापसाच्या विद्येच्या मोबदल्यात बैल! पुढे टेक्सासच्या पिअर्स घराण्याच्या वतीने ए. पी. बॉर्डन याने १९०६ मध्ये भारतातून ५१ जनावरे नेली. परवानगीसाठी थेट राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यापर्यंत जावे लागले. न्यूयॉर्कजवळच्या एका बेटावर ती विलगीकरणात ठेवली असता ‘सर्रा’ हा माश्यांमुळे पसरणारा रोग आढळला, १८ जनावरे गेली आणि ३३ टेक्सासला पोचली. १९२०च्या दशकात मोठी भर पडली ती भारतातून नव्हे, तर ब्राझीलमधून मेक्सिकोमार्गे. १८५४ ते १९२६ या काळात अमेरिकेत गेलेल्या अशा जनावरांचा तिथल्या पैदासकारांच्या संघटनेचा अंदाज २६६ वळू आणि २२ गाई असा आहे. तीनशेसुद्धा नाहीत. एवढ्याशा भांडवलावर तिथे एक नवी जात उभी राहिली.

ती चार भारतीय जातींच्या मिश्रणातून उभी राहिली. तीन सर्वांना ठाऊक आहेत: गुजरातची कांकरेज, सौराष्ट्राची गीर आणि आंध्रची ओंगोल (हिला परदेशात नेल्लोर या जिल्ह्याच्या नावावरून ‘नेलोर’ म्हणतात). चौथी आपल्याकडची, आणि तिचे नाव आज कृष्णाकाठच्याही अनेकांना सांगता येणार नाही. इंग्रजीत तिला ‘कृष्णा व्हॅली’ म्हणतात.

कृष्णाखोऱ्याची ही जात निसर्गाने घडवलेली नव्हे, माणसांनी जाणीवपूर्वक केलेली. कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभा या नद्यांकाठची काळी माती पावसात गोंदासारखी चिकटते. हलक्या बैलाचा पाय त्यात रुतला की निघत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सांगलीच्या राजेसाहेबांसह दक्षिण महाराष्ट्रातल्या संस्थानिकांनी या मातीसाठी जड अंगाचा, रेटून ओढणारा बैल तयार करायचे मनावर घेतले. सौराष्ट्रातून गीर आणले, मद्रास इलाख्यातून ओंगोल आणले, आणि म्हैसुरी रक्ताच्या स्थानिक गाईंवर ते वापरले. कांकरेजचाही अंश त्यात असल्याचे मानले जाते. जे जनावर निघाले ते भव्य होते: करडा-पांढरा रंग, नराच्या खांद्यांवर आणि मागच्या अंगावर गडद छटा, फुगीर कपाळ, लहान टोकदार कान, आणि जमिनीकडे झेपावणारी भली मोठी पोळी. चाल मंद, पण ताकद अफाट. गाय दूधही बऱ्यापैकी देई. संस्थानिकांचा कारभार म्हणजे नुसती शिकार आणि दरबार, असे समजणाऱ्यांनी हा उद्योग जरूर लक्षात घ्यावा.

हा बैल दक्षिण अमेरिकेत आणि अमेरिकेच्या दक्षिणेत बऱ्यापैकी संख्येने गेला. मातीत नांगर ओढण्यासाठी घडवलेला प्राणी तिथे गेल्यावर त्याच्याकडे पाहण्याची नजरच बदलली. सांगलीच्या शेतकऱ्याने त्याचे खांदे, खूर आणि चाल पाहिली; टेक्सासच्या माणसाने त्याची पाठ, पुठ्ठे आणि वजन पाहिले. १९२४ मध्ये पैदासकारांची संघटना स्थापन झाली, आणि जातीला एक नाव हवे म्हणून तिचे पहिले सचिव जे. डब्ल्यू. सार्टवेल यांनी सुचवलेले नाव कायम झाले: ‘ब्राह्मन’. मांसासाठी पोसल्या जाणाऱ्या गुरांना हे नाव! असा कपिलाषष्ठीचा योग ह्यूस्टनमध्येच जुळावा. सार्टवेलसाहेबांचा यात काही खवचटपणा नसावा; भारतातून आलेले ते ‘ब्राह्मनी’, एवढाच त्यांचा हिशेब असणार.

आजचा ब्राह्मन वळू ७०० ते १,००० किलोपर्यंत भरतो, गाय ४५० ते ६५० किलोपर्यंत. रंग बहुधा फिका करडा किंवा तांबडा. वासरे जन्मतः लहान असतात, म्हणून गाय सहज विते; विल्यानंतर ती वासराला डोळ्यांत तेल घालून जपते आणि वर्षानुवर्षे वेत देत राहते. वैगुण्येही आहेत. कालवड उशिरा माजावर येते. जनावर बुजरे असते, मायेने वाढवले तर गरीब आणि रानात मोकळे वाढले तर अवघड. आणि मांस युरोपीय जातींच्या मानाने राठ. म्हणून अमेरिकेने ते शुद्ध स्वरूपात कमी आणि संकरासाठी जास्त वापरले. किंग रँचवर शॉर्टहॉर्नशी संकर करून ‘सांता गर्ट्रुडिस’ तयार झाली, तिला १९४० मध्ये मान्यता मिळाली. तिच्यात तीन अष्टमांश रक्त भारतीय, पाच अष्टमांश युरोपीय. अँगसशी केलेल्या संकराचे, ‘ब्रँगस’चे, प्रमाणही हेच. मांसाचा मऊपणा युरोपाकडून, उन्हात टिकण्याची ताकद आपल्याकडून. शिवाय आईबाप जितके दूरच्या वंशांतले तितका पहिल्या पिढीच्या संकराला जोम अधिक, हा नियम इथे पुरेपूर लागू पडतो; हे दोन वंश एकमेकांपासून लाखो वर्षांपूर्वी दुरावलेले.

टेक्सासमधून १९३३ मध्ये काही ब्राह्मन ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये नेण्यात आले. आज उत्तर ऑस्ट्रेलियातले पशुपालन या रक्ताशिवाय कल्पता येत नाही. ब्राझीलची गोष्ट तर त्याहून मोठी. तिथे गुरांची संख्या वीस कोटींहून अधिक आहे आणि मांसासाठीच्या कळपांत ओंगोलचे वंशज प्रचंड बहुसंख्य आहेत. तिथे वशिंडाला ‘कुपिम’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ वाळवी, आणि तिच्या वारुळासारखा दिसणारा तो उंचवटा मंद आचेवर तासन्‌तास भाजून मेजवानीत वाढतात. आपण ज्याच्यापुढे जू ठेवले, ते त्यांनी पानात वाढले. कोणाला हे वाचून शहारा येईल, कोणाला येणार नाही. पण जात टिकण्याच्या दृष्टीने पाहिले तर एक गोष्ट नाकारता येत नाही: दोन्ही ठिकाणी त्या उंचवट्याला काहीतरी काम होते.

कृष्णाकाठी ते काम संपले. ट्रॅक्टर आला, काळ्या मातीला जड बैलाची गरज उरली नाही. ज्यांना बैल हवा होता त्यांना माणदेशातला खिल्लार बरा वाटला, कारण तो चपळ, काटक आणि खायला कमी. संस्थाने विलीन झाली आणि पैदाशीमागचा राजाश्रय गेला. दुधासाठी म्हैस आणि जर्सी-होल्स्टीनचे संकर होतेच. कृष्णाखोरी गाय ना धड दुधाची ना धड ओढीची, अशी मध्ये अडकली. खिल्लार मात्र तगला, आणि त्याला शर्यतींनी हात दिला असे माझे मत आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यती थांबवल्या तेव्हा खिल्लार पाळणारे हवालदिल झाले. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात त्या पुन्हा सुरू झाल्या आणि २०२३ मध्ये घटनापीठाने त्यांना मान्यता दिली. प्राणिमित्रांचे आक्षेप गंभीर आहेत, ते मी हलक्याने घेत नाही. पण जोताचे काम गेल्यावर खोंड दावणीला ठेवण्याचे कारण त्या शेतकऱ्यांना शर्यतीनेच दिले.

कायद्याचा विषय टाळून पुढे जाता येणार नाही. महाराष्ट्रात गोवधबंदी १९७६ च्या कायद्यापासून आहे. १९९५ मध्ये विधिमंडळाने बैल आणि वळू यांचाही त्यात समावेश केला. त्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची संमती मिळाली ती २०१५ मध्ये. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, मात्र राज्याबाहेरून आणलेले मांस बाळगणे गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. भारतातून परदेशी जाणारे मांस मुख्यतः म्हशीचे. म्हणजे भारतीय वंशाच्या गाईचे मांस जगभर विकले जाते, पण ते विकणारे भारतीय नसतात. कायद्याच्या बाजूने आणि विरुद्ध भरपूर लिहून झाले आहे. मला खटकते ते इतकेच, की त्या वादात जातींचा विचार जवळजवळ नसतो. कत्तलखान्याचे दार बंद झाले तरी गोठ्याचे दार आपोआप उघडत नाही. कोनच्या रस्त्यावर रात्री बसणारी गुरे कोणी विकत नाही आणि कोणी बांधूनही ठेवत नाही. त्यांच्या चरायच्या जागा घरांखाली गेल्या आहेत, नांगरायची खाचरे बिगरशेती झाली आहेत. कोकण कपिलेची नोंद दप्तरात झाली हे उत्तमच, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने तिच्याकडे लक्ष दिले हेही मोलाचे. पण तिच्या बैलाला चिखलणीचे काम देणारा शेतकरी आता पॉवर टिलर भाड्याने आणतो.

गीरच्या बाबतीत निदान एक वाट शिल्लक आहे. ब्राझीलने गीर वेगळी राखली, दुधासाठी निवडून वाढवली, आणि तिथल्या गीर वळूंचे वीर्य भारतात आणण्याचा विचार इथे गेली काही वर्षे होत आला आहे. कृष्णाखोरी गाईला ती वाट नाही. ब्राह्मनमध्ये तिचा वाटा चौघींत लहान होता आणि तो शंभर वर्षांपूर्वीच इतर तिघींत मिसळून गेला; टेक्सासच्या कोणत्या गाईत कृष्णाकाठचे रक्त किती, हे वेगळे काढून परत आणता येणार नाही. जे करायचे ते सांगली, सोलापूर, बेळगाव, विजापूर आणि बागलकोट या जिल्ह्यांत अजून दावणीला असलेल्या थोड्या जनावरांवरच करावे लागेल.