खेळासाठी संगणक जुळवताना

खेळ खेळण्यासाठी आपल्या पसंतीचा संगणक सुटे भाग घेऊन जुळवावा, ही हौस आज पुष्कळ घरांतून दिसते. मुलाने दोन वर्षे साठवलेले पैसे असतात, वडील त्यात थोडी भर घालतात, आणि मंडळी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर येतात. रस्त्याचे नाव कधीच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झाले आहे, पण गिऱ्हाइकाच्या तोंडी जुनेच नाव आहे. दुकानात पाऊल टाकताच पहिला प्रश्न येतो, "बजेट किती?" आणि दुसरा, "प्रोसेसर कोणता देऊ?" पहिला प्रश्न रास्त आहे. दुसरा मात्र जरा लवकर आला. जुळणीचा विचार प्रोसेसरपासून नव्हे, तर पडद्यापासून सुरू करावा.

असे का, ते पाहू. पडद्यावरचे चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे एकंदर सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके असतात. फोर-के पडद्यावर त्याच्या बरोबर चौपट, जवळजवळ ८३ लाख. बरं, ही रांगोळी एकदा काढून भागत नाही. ६० हर्ट्‌झचा पडदा सेकंदाला ६० चित्रे दाखवू शकतो, १४४ हर्ट्‌झचा १४४. म्हणजे एकेका चित्राला पहिल्यावर सेकंदाचा साठावा भाग मिळतो आणि दुसऱ्यावर त्याच्या निम्म्याहूनही कमी. पडदा ठरला की काम किती ते ठरले. काम कळल्याशिवाय गडी कसा निवडणार?

या कामाला गडी दोन आहेत. गाडी कुठे वळली, चेंडू कशाला लागला, शत्रू कोणत्या दाराने आला, हा सगळा हिशेब प्रोसेसर करतो. त्या हिशेबाप्रमाणे ठिपक्यांत रंग भरतो तो ग्राफिक्स कार्ड. ठिपके वाढले की भार मुख्यतः कार्डावर पडतो. सेकंदाला चित्रे अधिक हवी असतील तर प्रोसेसरलाही तितकेच धावावे लागते. एक बैल तरणाबांड आणि दुसरा थकलेला असला, तर गाडी थकलेल्याच्याच चालीने चालते. म्हणून भारी प्रोसेसरला हलके कार्ड जोडणे म्हणजे पैसे वाया घालवणे. ढोबळ हिशेब सांगायचा तर पडद्याची किंमत बाजूला ठेवून उरलेल्या पैशांतला तिसरा हिस्सा, फार तर चाळीस टक्के, कार्डासाठी ठेवावा.

आता मदरबोर्ड. येथे प्रश्न वेगाचा नसून सोयरीक जुळण्याचा आहे. २०२२ साली आलेल्या एएमडीच्या एएम-५ बोर्डात फक्त डीडीआर-५ जातीची रॅम बसते. त्याआधीच्या एएम-४ बोर्डात डीडीआर-४ लागते. दोन्हींच्या पट्टीवरची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीची पट्टी दुसरीच्या जागेत शिरतच नाही. मित्राकडून जुनी रॅम स्वस्तात मिळाली म्हणून हुरळून जाऊ नका. आधी बोर्ड पाहा. आणखी एक. १६ जीबी रॅम घ्यायची तर शक्यतो ८-८ च्या दोन पट्ट्या घ्याव्यात. दोन वाटांनी माहितीची ने-आण झाली की काम लवकर उरकते.

आता ज्या भागाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, त्याकडे वळू. तो म्हणजे एसएमपीएस, अर्थात विजेचा पुरवठा करणारी पेटी. काही ठिकाणी ती कॅबिनेटबरोबर जवळजवळ फुकट मिळते आणि गिऱ्हाईक खूश होते. पण या पेटीतून निघालेली वीज प्रत्येक भागात जाते. ती बिघडली तर एकटी जाईलच असे नाही. कार्ड आणि बोर्डही सोबत नेऊ शकते. दोन वर्षांची बचत एका दुपारी जाण्याचा धोका आहे तो इथे. त्यासाठी हजार वॉटची पेटी लागते असेही नाही. आरटीएक्स ४०६० सारखे कार्ड ११५ वॉट घेते. मध्यम प्रोसेसर, पंखे वगैरे धरून सारा संगणक तीनशेच्या आत राहतो. चांगल्या बनावटीची ५५० वॉटची पेटी अशा जुळणीला पुरून उरते. "८० प्लस" हा शिक्का वीज किती कमी वाया जाते एवढेच सांगतो. पेटीच्या टिकाऊपणाची हमी तो देत नाही. तेव्हा शिक्क्याबरोबर वॉरंटी किती वर्षांची आहे तेही विचारा. आणि घरच्या तीन पिनांच्या सॉकेटला अर्थिंग खरोखर आहे ना, हे वायरमनकडून तपासून घ्या.

कॅबिनेट घेताना दिव्यांच्या रोषणाईला भुलू नका. पुढची बाजू जाळीची असावी. वैशाखातल्या उकाड्यात बंद काचेआड पंखे गरम हवाच घुसळत बसतात. कार्डाची लांबी आत मावते का, तेही मोजून घ्या.

तुम्ही म्हणाल, एवढे पैसेच नाहीत. हरकत नाही. मग चित्र काढण्याची बऱ्यापैकी सोय आतच असलेला प्रोसेसर घ्यावा, जसा २०२४ सालचा रायझन ५ ८६००जी. हलके खेळ त्यावर चालतात आणि पैसे साठले की कार्ड मागाहून बसवता येते. मात्र इंटेलच्या काही प्रोसेसरांच्या नावाशेवटी "एफ" असतो. त्यांत ही सोय नसते, आणि कार्डावाचून पडदा काळाच राहतो.

तेव्हा यादी करताना क्रम असा धरा: आधी पडदा, मग कार्ड आणि प्रोसेसरची जोडी, मग त्यांना जुळणारा बोर्ड आणि रॅम. काटकसर करायची ती दिव्यांत आणि काचेत करा, विजेच्या पेटीत नको. प्रत्येक भागाचे पक्के बिल घ्या. आणि घरी आल्यावर पडद्याची तार मदरबोर्डाला न लावता कार्डाला लावा, नाहीतर एवढ्या पैशांचे कार्ड आत नुसते बसून राहील!