स्वस्त लोखंडाचे शहर : बर्मिंगहॅम, १९०८

१९०२ साली जमशेटजी टाटा अमेरिकेला गेले. हिंदुस्थानात पोलादाचा कारखाना काढायचा, तर ज्यांनी तो चालवून दाखवला आहे त्यांची भट्टी आपण स्वतः पाहिली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्या प्रवासात ते पिट्सबर्गला गेले हे पुष्कळांना ठाऊक असते. पण दगडी कोळशापासून कोक कसा तयार करतात हे पाहण्यासाठी ते बर्मिंगहॅमलाही गेले होते. हे बर्मिंगहॅम इंग्लंडातले नव्हे. त्याच्यावरून नाव घेतलेले, अमेरिकेच्या दक्षिणेकडील अलाबामा राज्यातले ते एक नवे गाव होते. त्या गावाच्या आयुष्यातील एकच वर्ष, १९०८ चे, आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत.

एकच वर्ष का, असे कोणी विचारील. शहरांचे इतिहास आपण वाचतो ते बहुधा शतकांच्या मापाने. त्यात भट्ट्या वाढतात, लोकसंख्या वाढते, इमारती उंच होतात आणि सारे काही आपोआप घडले असे वाटू लागते. वर्षाच्या मापाने पाहिले म्हणजे ते कोणी घडवले, कोणाच्या जिवावर घडले आणि निर्णय कोठे झाला, हे दिसू लागते.

प्रथम भूगोल पाहू. १८७१ साली दोन लोहमार्ग जेथे एकमेकांना छेदत होते तेथे, जोन्स व्हॅली नावाच्या खोऱ्यातील शेतजमिनीवर, एका जमीन कंपनीने हे गाव आखले. जागा निवडली ती जमिनीखालच्या संपत्तीकडे पाहून. लोखंड करायला तीन वस्तू लागतात. खनिज, ते वितळवून त्यातला प्राणवायू काढून घेणारा कोक, आणि गाळ बाजूला करणारी चुनखडी. जगात बहुतेक ठिकाणी यांतली एखादी वस्तू शेकडो मैलांवरून आणावी लागते. येथे रेड माउंटन या लाल डोंगरात खनिज, पलीकडच्या खाणींत कोळसा आणि खोऱ्यातच चुनखडी. तिन्ही वस्तू काही मैलांच्या आत. १८८० साली या गावाची वस्ती ३,०८६ होती. १९०० साली ती ३८,४१५ झाली. पुढे भोवतालची उपनगरे शहरात सामील केल्यावर १९१० च्या शिरगणतीत १,३२,६८५ माणसे मोजली गेली. लोक त्याला ‘जादूचे शहर’ म्हणू लागले ते याचमुळे.

पण निसर्गाने दिलेल्या या देणगीत एक खोट होती. येथील खनिजात लोखंडाचे प्रमाण कमी, आणि स्फुरद जास्त. अशा खनिजाचे ओतीव लोखंड उत्तम होते. नळ, चुली, यंत्रांचे सांगाडे त्यातून निघतात. पण त्या काळच्या प्रचलित बेसेमर पद्धतीने त्याचे चांगले पोलाद होईना. एन्सली येथील उघड्या भट्टीत, म्हणजे जिच्यात स्फुरद काढून टाकण्यास सवड मिळते अशा भट्टीत, १८९९ साली प्रथम पोलाद निघाले आणि ही अडचण सरली. तरीही एक टन लोखंडासाठी इतरांपेक्षा अधिक खनिज खणावे आणि अधिक कोळसा जाळावा लागेच. मग बर्मिंगहॅमचे लोखंड बाजारात स्वस्त कसे पडत होते? आजच्या आमच्या विवेचनाचा हाच प्रश्न आहे.

आता १९०८ चा जानेवारी. १ जानेवारीस शहरातील सारे दारूचे गुत्ते बंद झाले. आदल्या साली जेफरसन परगण्यातील मतदारांनी दारूबंदीच्या बाजूने कौल दिला होता. पण हे मतदार कोण? १९०१ च्या राज्यघटनेने अलाबामात मताला साक्षरतेच्या, मालमत्तेच्या आणि मतपट्टीच्या अटी घातल्या होत्या. मतपट्टी वर्षाला दीड डॉलर असे, आणि थकली तर मागील साऱ्या वर्षांची भरावी लागे. त्यामुळे जवळजवळ सारे कृष्णवर्णीय आणि पुष्कळसे गरीब गोरेही यादीबाहेर गेले होते. खाणीतला मजूर प्यावे की न प्यावे हे ज्यांनी ठरवले, त्यांत तो मजूर स्वतः फारसा नव्हता.

त्याच सुमारास शहराला नवा मालकही मिळाला होता. १९०७ च्या शरद ऋतूत न्यूयॉर्कच्या पेढ्यांवर मोठे संकट आले. तेथील एका दलाली पेढीने ‘टेनेसी कोल, आयर्न अँड रेलरोड’ या कंपनीचे भाग तारण ठेवून कर्जे काढली होती. ही कंपनी बर्मिंगहॅमच्या खाणी आणि भट्ट्या यांची सर्वांत मोठी मालक. पेढी बुडाली तर बाजार कोसळेल, असे सांगून जे. पी. मॉर्गन यांनी तोड काढली. ‘युनायटेड स्टेट्स स्टील’ने ती कंपनीच सुमारे साडेचार कोटी डॉलर्सच्या रोख्यांच्या मोबदल्यात घ्यावी. ४ नोव्हेंबर रोजी सकाळी त्या कंपनीचे दोन धुरीण वॉशिंग्टनला अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना भेटले, आणि आपली हरकत नाही असे अध्यक्षांनी सांगितले. बर्मिंगहॅमच्या डोंगरातले खनिज कोणाचे, हा निर्णय न्यूयॉर्कच्या एका दिवाणखान्यात आणि वॉशिंग्टनच्या एका कचेरीत झाला. १९०८ हे नव्या मालकीचे पहिले पूर्ण वर्ष.

मार्चअखेरीस शेजारच्या शेल्बी परगण्यात ग्रीन कॉटनहॅम नावाच्या बावीस वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणास पकडण्यात आले. आरोप भटकेपणाचा. म्हणजे आपण कामावर आहोत हे त्याला त्या क्षणी सिद्ध करता आले नाही. शिक्षा तीस दिवसांची सक्तमजुरी. पण शेरिफ, कारकून, साक्षीदार यांची फी आरोपीने भरायची, असा तेथला नियम होता. ती भरण्यास पैसे नाहीत म्हणून तीस दिवसांचे जवळजवळ वर्ष झाले. परगण्याने त्याला महिना बारा डॉलर्स घेऊन कंपनीच्या प्रॅट येथील बारा नंबरच्या खाणीत ठेक्याने दिले. त्या खाणीत प्रत्येकाने रोज आठ टन कोळसा काढावा अशी सक्ती असे, आणि तो न निघाल्यास चाबूक. १५ ऑगस्ट रोजी क्षयाने तो तेथेच मरण पावला. त्या वर्षात त्या कंपनीच्या खाणींत ठेक्याने दिलेले साठाच्या आसपास कैदी रोगाने, अपघाताने वा मारहाणीने दगावले.

हा एखाद्या दुष्ट मुकादमाचा प्रताप नव्हता. ती एक हिशेबी व्यवस्था होती आणि तिचे सारे गणित समजून घेण्याजोगे आहे. शेरिफला अटकेमागे फी मिळे, म्हणून अटका वाढत. परगण्याला आणि राज्याला भाडे मिळे, म्हणून तिजोरी भरे आणि कर हलके राहत. कंपनीला मजूर मिळे, आणि तो असा मजूर, की जो नोकरी सोडून जाऊ शकत नाही, मजुरी मागू शकत नाही आणि संपावर जाऊ शकत नाही. गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली होती. पण गुलामाच्या धन्याला आपल्या गुलामाच्या जिवाची निदान किंमत मोजावी लागे. ठेकेदाराला मेलेल्या कैद्याच्या जागी दुसरा मिळे.

या शेवटच्या गोष्टीचे मोल उन्हाळ्यात कळून आले. जूनअखेरीस खाणमजूर संघाचा करार संपला, मालकांनी मजुरी कापली, आणि जुलैच्या आरंभी संप सुरू झाला. या संपात गोरे आणि कृष्णवर्णीय मजूर एकाच संघात, एकाच सभेत होते. दक्षिणेत शाळा, आगगाडीचा डबा, दवाखाना, स्मशान, सारे वेगळे. खाणीच्या तोंडाशी मात्र हजारो माणसे एकत्र उभी राहिली. मालकांनी त्यांना कंपनीच्या घरांतून बाहेर काढले, तेव्हा ती तंबू ठोकून राहिली.

मग मजुरीचा प्रश्न बाजूला पडला आणि वर्णाचा प्रश्न पुढे करण्यात आला. वृत्तपत्रांतून ‘सामाजिक समते’ची भीती घालण्यात आली. ऑगस्टमध्ये ब्रायटन या खाणगावी विल्यम मिलिन या कृष्णवर्णीय संघसभासदास तुरुंगातून बाहेर काढून फासावर लटकवले गेले. राज्यपाल ब्रॅक्स्टन ब्रॅग कोमर यांनी सैन्याची तुकडी धाडली आणि शेवटी तंबू कापून पाडण्याचा हुकूम दिला. इतके कृष्णवर्णीय रिकामे बसलेले आपण खपवून घेणार नाही, असे त्यांनी संघाच्या पुढाऱ्यांना बजावले होते. ऑगस्टअखेर संप मागे घ्यावा लागला. या दोन महिन्यांत ठेक्याच्या खाणींतले कैदी मुकाट्याने कोळसा काढत होते. भट्ट्या पेटत्या राहाव्यात अशी एक तजवीज मालकांपाशी आधीच होती, ती ही.

आता कोणी म्हणेल, हे शहर म्हणजे केवळ नरकच होते काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच १९०८ मध्ये शहराच्या मध्यभागी सोळा मजली ब्राउन-मार्क्स इमारत उभी होती, आणि पुढल्या साली उघडलेल्या घुमटाच्या भव्य रेल्वे स्थानकाचे काम चालले होते. विल्यम पेटिफोर्ड या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाने १८९० साली काढलेली ‘अलाबामा पेनी सेव्हिंग्ज बँक’ आपल्या लोकांच्या पैशापैशाच्या ठेवी जमवून त्यांना घरे बांधण्यास कर्ज देत होती. कृष्णवर्णीय मुलांसाठी १९०० साली सुरू झालेली माध्यमिक शाळा चालू होती. नव्या व्यवस्थापनाचे प्रमुख जॉर्ज गॉर्डन क्रॉफर्ड यांना कळून चुकले होते, की मजूर टिकत नाही तोवर गिरणी नीट चालत नाही. पुढे त्यांच्याच कारकिर्दीत मजुरांसाठी दवाखाने, शाळा आणि बरी घरे झाली. पण ती संघ मोडल्यानंतर झाली, हक्क म्हणून नव्हे, देणगी म्हणून.

आणि स्वस्त लोखंडाचा फायदा तरी शहराला मिळाला का? १९०९ पासून बर्मिंगहॅमच्या पोलादावर टनामागे तीन डॉलर्स अधिक दर लावण्यात आला. माल येथेच होई, पण दर पिट्सबर्गच्या दरावरून ठरे. ही पद्धत बंद करण्याचा हुकूम अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १९२४ साली दिला. म्हणजे कैद्याच्या आणि मजुराच्या घामातून जी बचत झाली तिने शहराचे कारखाने वाढावेत, तर तेही पुरते झाले नाही. माणूस स्वस्त केला, पण माल महागच राहिला. मधला फरक दूर गेला.

कैदी ठेक्याने देण्याची ही पद्धत अलाबामाने १९२८ साली बंद केली. अमेरिकेतल्या राज्यांत सर्वांत शेवटी. तत्पूर्वी, १९११ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या एका कंपनीच्या बॅनर खाणीत स्फोट होऊन १२८ माणसे मेली. त्यांतले बहुतेक कृष्णवर्णीय कैदी होते आणि कित्येकांची शिक्षा किरकोळ गुन्ह्यांची, काही दिवसांची होती.

आता पुन्हा जमशेटजींकडे वळू. त्यांनी १९०२ साली तेथे जी रीत पाहिली तिच्यात दोष नव्हता. विद्या उत्तम होती आणि ती घेण्याजोगीच होती. पण कोक पाहायला आलेल्या पाहुण्याला कोळसा खणणारा दिसत नसतो. जमशेटजी १९०४ साली वारले. आम्ही ज्या वर्षाची हकीकत सांगितली त्याच १९०८ साली साकचीच्या रानात कारखान्याची आखणी सुरू झाली. तेथे १९१२ साली आठ तासांचा दिवस लागू झाला. ‘युनायटेड स्टेट्स स्टील’ने आपल्या भट्ट्यांवरची बारा तासांची पाळी सोडली ती १९२३ साली. म्हणून जमशेदपुरात सारे गोडच होते असे नव्हे. १९२० साली तेथेही मोठा संप झाला. पण तंत्र एका गावातून उचलता येते आणि त्या गावची माणसाची किंमत तेथेच सोडून देता येते, एवढे यावरून सिद्ध होते.

रेड माउंटनवर आज वल्कन या अग्निदेवाचा छप्पन्न फुटी बिडाचा पुतळा उभा आहे. १९०४ च्या सेंट लुईस प्रदर्शनासाठी बर्मिंगहॅमने तो ओतला. प्रदर्शन आटोपल्यावर वाहतुकीचे पैसे चुकते होईनात म्हणून त्याचे तुकडे काही काळ लोहमार्गाच्या कडेला पडून होते. नंतर १९०८ साली तो जत्रेच्या मैदानात उभा होता, आणि हात उलटसुलट बसवल्यामुळे त्याला आपला भाला धरता येत नव्हता. शहराने आपल्या देवाची वाहतूक भरली नाही, याचे लोकांना हसू येई. बारा नंबरच्या खाणीत कोर्टाची फी भरता आली नाही म्हणून गेलेल्या तरुणाची आठवण मात्र तेव्हा कोणी काढली नाही. ती आपण काढली, एवढेच आजच्या व्याख्यानाचे प्रयोजन.