*बोअरच्या मोटरला ड्राइव्ह बसवताय? आधी हे वाचा*



स्टार्टर काढून ड्राइव्ह म्हणजे व्हीएफडी बसवला की मोटर झटका न घेता सुरू होते आणि ठिबकला हवा तेवढा दाब ठेवता येतो. पण नुसता ड्राइव्ह लावून भागत नाही. सोबतचं संरक्षण नसेल तर ड्राइव्ह उडतो, नाहीतर मोटर जळते. मग मोटर वर काढा, रिवाइंडिंग करा, आणि तोवर पीक पाण्याविना.

*मोटर का जळते?*
४१५ व्होल्टची वीज ड्राइव्हमध्ये साधारण ५८५ व्होल्ट डीसी होते आणि सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत मोटरकडे जाते. केबल लांब असेल तर हा धक्का मोटरपाशी दुप्पट होऊ शकतो, म्हणजे हजार व्होल्टच्या वर. अशाने वाइंडिंगचं इन्सुलेशन फुटतं. बोअर ३०० फूट आणि पेटीपर्यंत आणखी १०० फूट धरले तरी केबल सुमारे १२० मीटर झाली.

*काय, कुठे लावायचं?*
१) मेन स्विचनंतर मोटरच्या अँपिअरप्रमाणे एमसीसीबी.
२) ड्राइव्हच्या आधी सर्ज अरेस्टर. वीज कडाडली किंवा लाइनवर झटका आला तर तो अर्थिंगमध्ये जातो.
३) त्यानंतर इनपुट चोक. डीपीवरून येणारे झटके तो मऊ करतो.
४) ड्राइव्ह आणि मोटरच्या मध्ये आउटपुट चोक, तोही ड्राइव्हजवळच. केबल ५० मीटरपेक्षा जास्त असेल तर ड्राइव्हचं पुस्तक बघाच. फार लांब असेल तर साइन फिल्टर लागू शकतो.
५) चांगलं अर्थिंग. बोअरच्या केबलला बहुधा तीनच वायर असतात, म्हणून मोटरची अर्थ वायर वेगळी ओढून ड्राइव्हच्या अर्थ टर्मिनलला जोडा. अर्थिंग नसेल तर सर्ज अरेस्टर शोभेचाच.

*हे करू नका*
❌ जुन्या स्टार्टरचा कपॅसिटर ड्राइव्हच्या पुढे मोटरला तसाच ठेवू नका. ड्राइव्ह ट्रिप होतो किंवा उडतो. टू-फेजवर मोटर चालवायला लावलेले कपॅसिटरही काढा.
❌ ड्राइव्ह चालू असताना मोटरकडची वायर किंवा खटका तोडू नका.
❌ मेगर लावताना केबल ड्राइव्हमधून आधी सोडवा.
❌ लाइट बंद केली तरी ड्राइव्हमध्ये वीज साठलेली असते. निदान १० मिनिटं झाकण उघडू नका.

सोलर पंपाचा कंट्रोलरही आतून ड्राइव्हच असतो. तो वॉरंटीत असेल तर पुरवठादाराला विचारल्याशिवाय काही जोडू नका.

जोडणी जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या. चोक घेण्याआधी मोटरचा एचपी, अँपिअर, केबलची एकूण लांबी आणि पेटीचा फोटो ग्रुपवर टाका. खरेदीआधी नीट बघून घेऊ.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी